हानाची दुभाषी

५ जानेवारी, सोमवार

गळ्यात पडलं!

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, हजेरीवरून झापणार. तर समोर पेढ्यांचा बॉक्स. "मैथिली, फिनलंडहून हाना नावाची एक विद्यार्थिनी येतेय. आपल्या कॉलेजात पहिल्यांदाच!" तिच्या युनिव्हर्सिटीशी करार झालाय म्हणे. ती महिनाभर इथे राहून चक्रीवादळानंतरच्या सुपारीच्या वाड्यांवर प्रबंध लिहिणार. मुलाखती घेणार. आणि दुभाषी कोण? मी. राहणार कुठे? आमच्याकडे. का, तर माझं इंग्रजी बरं आहे आणि आमच्याकडे कमोड आहे. हे दुसरं कारण त्यांनी "घरी सगळ्या सोयी आहेत" अशा शब्दांत सांगितलं, पण मला कळलं.

माझं टी.वाय.चं शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्ट अर्धा, जर्नल कोरं. म्हटलं, "सर, माझा अभ्यास—" तर म्हणे, "अगं, हाच अभ्यास!"

घरी सांगितलं. आईचा पहिला प्रश्न, "तिला तिखट चालेल का?" बाबा म्हणाले, "बघू." बाबांना विचारा, उद्या सूर्य उगवेल का. तरी म्हणतील बघू. हायस्कूलात गणित कसं शिकवतात कोण जाणे.

८ जानेवारी, गुरुवार

अख्खं लेझीम पथक दिघीच्या जेट्टीवर, सकाळपासून उन्हात. प्राचार्य कोटात. पाहुणी मुरुड बघत येणार, आगरदांड्याला फेरीबोटीत बसणार आणि दिघीला उतरणार, असा त्यांनी ठरवलेला कार्यक्रम. पहिली बोट आली – दोन बुलेटवाले आणि कोंबड्यांचा टेम्पो. दुसरी आली – फुलांनी सजवलेली गाडी. लेझीमवाल्यांना वाटलं हीच ती, त्यांनी दणक्यात सुरू केलं. आतून नवरदेव उतरला!

तेवढ्यात आईचा फोन. "अगं, ती इथे येऊन बसलीये. माणगावहून एसटीने आली. पोहे खाल्लेन. आता भांडी घासू का विचारतेय, तिला काय सांगू?"

प्राचार्यांना हे मी सांगायचं. दुभाषीचं पहिलं काम.

९ जानेवारी, शुक्रवार

हाना पहाटे गार पाण्याने आंघोळ करते. वर म्हणते, पाणी कोमट होतं. आईला आता तिची काळजी वाटते.

१२ जानेवारी, सोमवार

आज मुलाखती सुरू. पहिले वरच्या आळीतले काका. हानाचा प्रश्न साधा – वादळात वाडी गेल्यावर पुन्हा लागवड का केलीत?

काका बोलायला लागले. आजोबांनी विहीर कशी खणली. चुलतभावाने बांध कसा सरकवला. तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा सरबत कोणी दिलं. मग पुन्हा चुलतभाऊ. मी ऐकतेय, ऐकतेय, पाय सुजले. शेवटी काका थांबले. मी हानाला सांगितलं, "दुसरा पर्याय नव्हता, म्हणून."

हाना माझ्याकडे बघतच राहिली. "एवढंच? ते तर कितीतरी वेळ बोलले."

मराठी जरा लांब भाषा आहे, म्हटलं.

आणखी एक वैताग – ती प्रश्न विचारून गप्प बसते. उत्तर संपलं तरी गप्पच. मान हलवणं नाही, "अच्छा अच्छा" नाही. समोरचा माणूस बिचकतो आणि आणखी बोलायला लागतो. म्हणजे मला आणखी काम!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आईने हानाला तिची काळी चंद्रकळा नेसवली आणि आळीभर मिरवून आणलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी जर्नलच्या आकृत्या काढत बसले. तिळगुळाचा डबा मात्र मीच संपवला.

१९ जानेवारी, सोमवार

आज क्रांती बरोबर आली होती. क्रांती म्हणजे माझी बाकावरची मैत्रीण. आतल्या गावात राहते, घरची भातशेती, तोंडावर बोलायची सवय. दोन मुलाखती ऐकल्या आणि परतताना स्कूटी चालवता चालवता म्हणते, "तू ट्रान्सलेट करत न्हाय हायस. शॉर्टनोट्स काढतेस."

मग काय करू? ती बाई सुनेला शिव्या देत होती, ते इंग्रजीत सांगू? फिनलंडमध्ये वाचतील, आमच्या बोर्ली पंचतनची सून कशी आळशी आहे! म्हणे शॉर्टनोट्स.

पण तेव्हापासून ते डोक्यात बसलंय.

२१ जानेवारी, बुधवार

आज खरी बातमी! करारात परतफेड आहे. इथला एक विद्यार्थी ऑगस्टपासून एक सेमिस्टर तिकडे. खर्च त्यांचा. हानाने परस्पर माझं नाव सुचवलं. प्राचार्य म्हणाले, "शेवटी सही माझी, पण तुझंच नाव आहे असं समज."

धावत घरी. आईने देवासमोर साखर ठेवली. बाबा वाडीतून आले, हातपाय धुतले, ऐकलं, पंच्याने तोंड पुसलं. "बघू."

बघू! मी ओरडलेच. "बाबा, एकदा तरी हो किंवा नाही म्हणा ना!" ते हसले आणि जेवायला बसले. भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान हसत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

कसं लिहू कळत नाही. क्रमाने लिहिते.

आज सगुणाकाकींकडे गेलो. आमच्या वाडीच्या मागेच त्यांचं घर. वादळाआधी त्या आमच्याकडे सुपारी सोलायला यायच्या आणि त्यांचे यजमान, गुणाजीकाका, झाडांवर चढायचे. एका झाडाचा शेंडा वाकवून झोका घ्यायचे आणि दुसऱ्या झाडावर जायचे, खाली न उतरता. मी लहानपणी टाळ्या वाजवायची. वादळानंतर दोघं यायचे बंद झाले. काकांचा पाय मोडला, एवढंच माहीत होतं. आज बघितलं तर ते पडवीत बसून सोलत होते. उठताना खांब धरावा लागतो.

हानाने सगळ्यांना विचारते तेच विचारलं. वादळाच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

सगुणाकाकींनी हानाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "हिला सांगू?"

"सांगा की काकी."

"आमच्या घराची कौलां उडाली. ह्ये मुंबईला कामाला गेल्यालं, तिथनं आल्याला आठ दिस झालं व्हतं. करोनाचा टाईम. शाळेत कोंडून ठेवल्यानी व्हता ह्यांना, त्याच्याच आदल्या दिशी घरी सोडल्यानी. म्हटला, मास्तरांचा स्लॅबचा घर हाय, तिकडं जाऊ. दारावर हात मारून मारून हात सुजला माझा. खिडकीत मेणबत्ती दिसत व्हती. आत मानसां हायत, ता समजत व्हता. दार उघडला न्हाय. मग तुमच्याच वाडीत पंपाच्या खोलीत जाऊन बसलो. तिची भित ह्यांच्या पायावर आली."

मग माझ्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "सांग तिला. तुझ्या बापाचा दार व्हता, ता पन सांग. तुझ्या बापाचा."

मी हानाला सांगितलं – घराचं छप्पर उडालं. त्यांनी एका पंपाच्या खोलीत आसरा घेतला. भिंत पडून यजमानांना इजा झाली.

हाना नेहमीसारखी गप्प. मधे तिचा फोन, रेकॉर्डिंग चालू.

मी तेव्हा नववीतून दहावीत गेलेली. मला लहानपणापासून दमा, आणि त्या दिवशी तो उठला होता. दारं-खिडक्या बंद, वीज नाही, भर दुपारी अंधार. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून इनहेलर ओढत होते. काहीतरी धडाधड वाजत होतं. मी विचारलं, काय वाजतंय? आई म्हणाली, पत्रा.

आमच्या घराला पत्रा कुठे आहे?

२५ जानेवारी, रविवार

डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. हानाला क्रांतीबरोबर हरिहरेश्वरला धाडलं. बाबांनी विचारलं, "बाम लावून देऊ का?" मी कूस वळवली.

२७ जानेवारी, मंगळवार

बाबांना वाडीत गाठलं. वादळानंतर लावलेल्या सुपाऱ्यांना पाणी सोडत होते. यंदा त्यातल्या काही झाडांना पहिलं फळ आलंय.

"त्या दिवशी दार कोणी वाजवलं होतं?"

त्यांनी कोणता दिवस म्हणून विचारलं नाही. "सगुणा आणि गुणाजी."

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"हो."

"मग?"

"मग नाही उघडलं."

"का?"

त्यांनी पाण्याची वाट वळवली. फावड्याने माती ओढली. मग म्हणाले, "घर माझं आहे, मैथिली. जे झालं ते माझ्या घरात झालं."

हे उत्तर आहे? मला रडायचं होतं पण रागच जास्त आला. भीती वाटली, असं म्हणा. करोना होता, असं म्हणा. चुकलं म्हणा. काहीतरी म्हणा ना! वाक्य असं बोलतात की हातात काहीच लागत नाही. मी पाटातून तशीच चालत निघून आले, चपला चिखलात अडकल्या, तिथेच टाकल्या. थोड्या वेळाने बघते तर धुऊन पायरीवर ठेवलेल्या. त्याचाही राग आला.

२९ जानेवारी, गुरुवार

हानाला सांगून टाकलं. सगळं. बाबांचं दार, आणि बाकीच्या मुलाखतींत मी काय काय गाळलं तेही. चुलतभाऊ, सून, तलाठ्याचं सरबत. वाटलं, ती आता बॅग भरेल. मीच भरली असती.

ती म्हणाली, "सगुणा 'बाप' हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणाली. तो शब्द मला येतो. तू तो सांगितलाच नाहीस. मी वाट बघत होते."

वाट बघत होती! म्हणजे ते गप्प बसणं माझ्यासाठीसुद्धा होतं. मला आधी प्रचंड राग आला, मग हसू आलं, मग रडले.

आता सगळी रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकायची. शब्दन् शब्द. माझं जर्नल गेलं खड्ड्यात.

संध्याकाळी सगुणाकाकींकडे परत. त्यांचं म्हणणं प्रबंधात घेतलं तर चालेल का, विचारायला. म्हणाल्या, "घे की. नाव पन घाल माझा." हाना म्हणाली, नियम आहे, खरी नावं घालता येत नाहीत. मी तसं सांगितलं. काकी भडकल्या. "मग काय उपेग? कोन बोलला ताच कळायचा न्हाय?"

हे मी हानाला पूर्ण सांगितलं. तिने ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

गुणाजीकाका पहिल्यांदाच बोलले. "मास्तर मानूस वाईट न्हाय. पन दार न्हाय उघडला." आणि पुन्हा सोलायला लागले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

शुक्रवारी हॉलमध्ये हानाचं सादरीकरण. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या सगळ्यांना बोलावलंय. प्राचार्यांनी बॅनर छापून आणलं – 'वादळातून उभारी'. सुपारीपेक्षा त्यांचा फोटो मोठा.

आज त्यांना स्लाइड दाखवल्या. दाराच्या स्लाइडवर थांबले. त्यात घर कोणाचं ते नाहीच. एका मजूर कुटुंबाला आसरा मिळाला नाही, एवढंच. तरी म्हणाले, "हे कशाला? सकारात्मक ठेवा. परदेशात आपली काय प्रतिमा जाईल?"

मी हानाला शब्दन् शब्द सांगितलं. ती म्हणाली, "नो." याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

मग मला एकटीला थांबवलं. "तिला इंग्रजीत काय बोलायचं ते बोलू दे. तू मराठीत सांगताना जरा सांभाळून घे. लोकांना काय कळणार आहे? आणि तुझ्या फिनलंडच्या कागदावर माझी सही व्हायची आहे, लक्षात आहे ना?"

इतके दिवस कोणी न सांगता मी जे करत होते, तेच आता हे मला करायला सांगतायत!

क्रांतीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा येणार हायत तुझे?" मी म्हटलं, माहीत नाही. विचारलं तर म्हणतील, बघू.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत. आई आली नाही, अर्धशिशी उठली म्हणाली. क्रांतीने सगुणाकाकींना आणि गुणाजीकाकांना रिक्षातून आणलं आणि मागे, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसवलं.

हाना एक-एक स्लाइड बोलायची, मी मराठीत सांगायची. लागवड, रोपं, विमा, पाणी. काकांच्या चुलतभावाचा बांधसुद्धा सांगितला. लोक हसले, काका खूश. मग ती स्लाइड आली. हाना चार वाक्यं बोलली आणि तिच्या सवयीने गप्प बसली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्राचार्य खाकरले.

मी माइक दोन्ही हातांनी धरला आणि सगुणाकाकी जशा बोलल्या होत्या तसंच बोलले. कौलं उडाली इथपासून. हात सुजला, मेणबत्ती दिसत होती, दार उघडलं नाही, पंपाची खोली, भिंत. हानाच्या चार वाक्यांपेक्षा माझं किती लांब झालं! फक्त 'तुझ्या बापाचा' एवढं म्हटलं नाही. ते स्लाइडवर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याच्याने झालं नसतं.

मी थांबले. पुढची स्लाइड लावा म्हणून प्राचार्य हात हलवत होते.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. वर्गात उभे राहतात तसे, ताठ. लोकांकडे वळून म्हणाले, "ते घर माझं. दार मी उघडलं नाही." मग मागे, दाराकडे बघून, "गुणाजी, सगुणाबाई, माझं चुकलं. हे मी तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

सगुणाकाकी बसूनच बोलल्या. "एवढी वर्सां लागली, मास्तर? मागल्या दारानं हाक मारली असतीत तरी ऐकू आली असती." आणि तोंड फिरवलं. गुणाजीकाकांनी मात्र हात वर केला. कशासाठी ते कळलं नाही. नमस्कार, की पुरे.

प्राचार्यांनी माइक माझ्या हातून ओढून घेतला. "यानंतर चहापान!" समोसे संपायला वेळ लागला नाही. जाताना मला म्हणाले, "सोमवारी भेट." म्हणजे सही गेली. जाऊ दे. नाही, जाऊ दे कसं? मला जायचंय!

येताना मी बाबांच्या गाडीवर मागे बसले. बोर्लीच्या बाजारात त्यांनी गाडी थांबवली आणि आईसाठी अर्धशिशीची गोळी घेतली. मला अजून राग आहेच त्यांचा. पण आज मी त्यांच्या खांद्याला धरून बसले होते.

८ फेब्रुवारी, रविवार

आई आत्ता येऊन माझ्या पलंगावर बसली. हाताला कणीक तशीच. म्हणाली, "कडी मी लावली होती. तुझे बाबा उघडायला उठले, तर मी तुझं डोकं उशीवर ठेवून धावले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, तुम्ही दार उघडलंत तर करोना आत येईल, पोरगी जाईल. ते मला ढकलू शकले असते. ढकललं नाही."

मी हातातलं जर्नल मिटलं.

मग म्हणाली, "सगुणाकडे जायचंय मला. माझ्या तोंडून नाही निघायचं. तू सांगशील?"

मी म्हटलं, बरोबर येते. पण बोलायचं तू.

ती आत साडी बदलतेय.